थरथरणारा वाघ

देवमाळच्या राजेसाहेबांनी दोन महागड्या दुर्बिणी मागवल्या होत्या. एक जड पण लख्ख दाखवणारी, दुसरी हलकी. मचाणावर बसून त्यांनी दोन्ही डोळ्यांना लावून पाहिल्या. खाली गवतात वाघ स्थिर उभा होता, पण दोन्हींत तो थरथरताना दिसत होता.

"दोन्ही भिकार! लखम्या, यातली बरी कोणती ते सांग. चुकलास तर चाबूक!"

माग काढणाऱ्या लखमाला घाम फुटला. कापत होते ते सरकारांचे हात, पण ते बोलणार कोण?

"सरकार, दुर्बिणी दोन्ही उत्तम. आपल्याला बघून वाघच थरथरतोय."

राजेसाहेब खुलले. "मग उतर खाली आणि आण त्याला बांधून!"

"मला बघून तो थरथरत नाही, सरकार. उतरायचं तर आपणच उतरावं."

वाघ आपणहून निघून जाईपर्यंत राजेसाहेब मचाणावरच दोन्ही दुर्बिणींची तारीफ करत बसले.