झाकलेली खिरापत

परसबागेतली गाजरं मुलं चोरत नाहीत, हे मी घसा फोडून सांगितलं. पण शाळेत खिचडी शिजवणारीचं कोण ऐकतंय? शाळा समितीचे अध्यक्ष विश्वंभरअप्पा म्हणाले, "उद्यापासून बागेला कुलूप." पावसाळाभर वाफ्यांत राबलेली पोरं रडवेली झाली.

त्याच दुपारी भोंडला होता. फेर संपल्यावर मी झाकलेला डबा अप्पांपुढे धरला. "न बघता ओळखा खिरापत."

त्यांनी वास घेतला. "गाजराची कोशिंबीर. साखर घातली नसशील, आपल्या बागेतली गाजरं मुळातच गोड आहेत."

"अप्पा, आम्ही पहिलं गाजर आज उपटलं. अजून कुणी चाखलेलं नाही. गोड आहे हे फक्त चोराला ठाऊक."

मी फेरातल्या मुलींकडे वळले.

"पोरींनो, आता चोर ओळखा."

सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "विश्वंभरअप्पा."