दुर्बिणीचा लाड

वस्तू बोलायच्या आणि माणसं त्यांचं मुकाट ऐकायची, त्या काळची ही गोष्ट.

समुद्राकाठच्या हिराजी तांडेलाने हौसेने पहिलीवहिली दुर्बीण घेतली. अंगणात मांडली की खाऱ्या वाऱ्याने तिच्या भिंगावर मिठाची बारीक पूड बसायची. मग ती हाक मारायची, "तांडेला, पुस रे!" की हिराजीने कमरेचा रुमाल सोडून भिंग खसाखसा पुसलंच.

तिच्याबरोबर डब्यातून आलेला मऊ ब्रश म्हणाला, "बाई, मीठ घासायचं नसतं. आधी वारा घालून उडवायचं, मग मला हलकेच फिरवायचं."

"तू डब्यात लोळणारा आळशी!" दुर्बीण फणकारली. "माया कशी करावी ते रुमालाकडून शीक. दिवसातून चारदा पुसतो."

रुमाल फुशारला, "तीन पिढ्यांची तोंडं पुसलीत मी. कुणाला साधा ओरखडा नाही."

महिनाभर असे लाड चालले. एका तिन्हीसांजेला पश्चिमेला चंद्रकोर दिसली, तशी हिराजीने बायकोला हाक मारली, "जानकू, ये गो, चंद्र बघ!"

जानकूने डोळा लावला आणि ती दचकली. "अगो बाय! याच्या तोंडावर मांजरीने नखं मारली की काय?"

हिराजीने मान वर केली. आभाळात कोर लख्ख होती. त्याने दुर्बिणीकडे पाहिलं.

तेवढ्यात रुमाल कळवळून पुढे झाला, "चंद्र मळलाय होय? थांबा, मी पुसतो!"

"नको रे बाबा!" दुर्बीण किंचाळली. "ब्रशदादा, अरे, आहेस कुठे?"