महाराजांनी पेललेली कमान

त्या उन्हाळ्यात निरंजनबुवा महाराजांचा मुक्काम खानदेशातल्या कुसुंबखेडे गावी, नाल्याकाठच्या महादेवाच्या देवळात होता. नदीच्या बंधाऱ्यावरून निघालेला पाट या नाल्यापाशी येऊन अडला होता. पलीकडची जमीन कोरडीच राहत होती. म्हणून नाल्यावर पाच कमानींचा दगडी पूल उभा राहत होता. त्याच्या माथ्यावरून पाटाचे पाणी पलीकडे जायचे होते.

पूल बांधत होता मल्लू वडार. लांब पन्हळीत पाणी धरून त्याने उतार असा साधला होता, की पाणी ना तुंबावे, ना उसळावे. त्याची बायको रामक्का घाणीवर चुना मळायची, त्यात गूळ आणि बेलाचा गर घालायची. संध्याकाळी दोघे देवळाबाहेर धुळीत बसून महाराजांचे भजन ऐकत. पायरी चढायची त्यांना गावाने बंदी केली होती. गावाला पाणी द्यायला हे हात चालत होते, देवाला हात जोडायला चालत नव्हते!

गावचे जयवंतराव पाटील मोठे गर्विष्ठ. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला त्यांनी पाच गावच्या पाटलांना बोलावले. त्यांच्यादेखत पुलावरून पाणी सोडायचे होते.

"मल्ल्या, कमानींचे टेकू काढ," ते म्हणाले.

"सरकार, चार कमानी पक्क्या हायेत. मधलीचा चुना अजून वला हाय. महिनाभर थांबा. आत्ता टेकू काढले तर ती बसंल."

पाटील हसले. "भजनं ऐकतोस ना? मग तुझ्या महाराजांनाच सांग चुना वाळवायला! आखाजीला सकाळी टेकू निघतील आणि तू कमानीखाली उभा राहशील. काम कच्चं निघालं तर तूच मर!"

पाहा हा न्याय! घाई पाटलांची आणि जीव मल्लूचा!

आखाजीची सकाळ उजाडली. पाहुणे काठावर जमले. मल्लू कमानीखाली जाऊन उभा राहिला. रामक्का आक्रोश करत होती, "अहो, कुणीतरी अडवा!" एकही माणूस पुढे झाला नाही. टेकू निघू लागले. शेवटचा टेकू सुटला, दगड करकरले, मधली कमान दोन बोटे खाली आली. मल्लूने डोळे मिटून महाराजांचे नाव घेतले.

तोच महाराज धावत नाल्यात उतरले. मल्लूच्या शेजारी उभे राहून त्यांनी उजवा तळहात दगडाला लावला. कमान थांबली!

"महाराज, तुमी बाहेर जावा," मल्लू रडत म्हणाला.

"तू इथे असताना मी कुठे जाऊ?" महाराज म्हणाले. मग काठाकडे पाहून ते कडाडले, "पाटील! कमान पक्की आहे ना? मग या, तुम्हीही खाली उभे राहा!"

पाटलांनी पाऊल मागे घेतले.

"स्वतःचा जीव एवढा प्यारा, मग याचा काय दगडमातीचा आहे? ज्याचं पाणी पिणार, त्यालाच गाडायला निघालात! लाज नाही वाटत? उचला ते टेकू. तुमच्या हातांनी आणा!"

पाच गावच्या माणसांसमोर पाटलांनी लाकडे खांद्यावर घेतली. घामाघूम होत त्यांनी ती खाली आणली. मल्लू सांगेल तिथे लावली. ऊन माथ्यावर येईपर्यंत तो सगळा भार महाराजांच्या एका तळहातावर होता! शेवटचा टेकू बसला तेव्हाच त्यांनी हात काढला.

पाटील महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराज मागे सरले.

"माझे पाय कशाला धरता? गुन्हा माझा केलात?"

पाटील वळले. चुन्याने माखलेल्या मल्लूच्या पावलांवर त्यांनी डोके ठेवले, आणि रामक्काच्या पायांशी वाकताना त्यांना हुंदका आवरेना.