दोन मुठी कापूस

डोंगराआड, जिथे बाहेरचं माणूस वर्षातून एखाद्या वेळीच फिरके, अशा एका गावात एक तरुण पिंजारी होता. दिवसभर धनुकलीवर कापूस पिंजायचा, म्हणून गाव त्याला 'कापशा' म्हणे. ते नाव त्याला फार सले.

डोंगरापलीकडच्या नगरीच्या जत्रेत नवख्यांचे मुष्टियुद्धाचे सामने होते. आयुष्यात एकदाही न लढलेल्यांनीच उतरायचं, असा नियम. कापूस भरलेले हातमोजे ज्याचे त्याने शिवून आणायचे. एकेका मोज्यात चार मुठी कापूस, कमी नाही, जास्त नाही.

"तीन फेऱ्या उभा राहिलो, की पुन्हा कापशा म्हणायचं नाही," त्याने शेजारच्या कुंभाराला बजावलं.

"राहिलास तर मी स्वतः दवंडी पिटीन," कुंभार हसला आणि मजा बघायला बरोबर निघाला.

दीडशे नवखे जमले होते. सगळ्यांना कनातीआड बसवलेलं. पिंजाऱ्याला काही बसवेना. उठे, पाणी पिई, मोजे चढवी, उतरवी, हवेत चार ठोसे मारी, पुन्हा बसे. बाहेरची हलगी थांबली की तो कान टवकारी. आता आपलाच पुकारा!

त्याची जोड पडली नगरशेठच्या भाच्याशी. भाच्याचं नाक दोन ठिकाणी वाकलेलं.

"पहिलीच वेळ का रे?" भाच्याने विचारलं.

"हो. तुमची?"

"माझीही पहिलीच. दर वर्षी पहिलीच असते!"

पिंजारी तडक पंचांकडे गेला. पंच उंच आसनावर बसून नगरशेठच्या घरचे लाडू खात होते.

"महाराज, तो नवखा नाही. त्याचं नाक तरी बघा!"

"नाकाबद्दल नियम नाही," पंच म्हणाले. "पुरावा आण, नाहीतर गुमान लढ."

पिंजाऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. यांना सगळं माफ, मग मीच का सरळ राहू? त्याने कोपऱ्यात जाऊन आपल्या मोज्यांची शिवण उसवली, एकेकातून दोन मुठी कापूस काढला आणि शिवण पुन्हा घातली. शिवण इतकी सफाईची, की कुणाला संशय येऊ नये.

पुकारा झाला. दोघे कनातीच्या तोंडाशी आले, तेव्हा पंच म्हणाले, "आता एकमेकांचे मोजे घाला. लबाडी होऊ नये म्हणून ही रीत आम्ही इथेच सांगतो, आधी नाही."

पिंजाऱ्याने आपले मोजे सावकाश काढून भाच्याच्या हाती दिले.

पहिलाच ठोसा बसला आणि ओठ फुटला. कापूस कुठला, नुसतं हाड! त्याचे स्वतःचे ठोसे मात्र उशी आपटावी तसे पडत होते. फेरीच्या शेवटी त्याने हातातले मोजे चाचपले. पिंजाऱ्याच्या हाताला कापसाचं वजन सांगावं लागत नाही. प्रत्येकात सहा मुठी होत्या.

रीतीप्रमाणे पंचांनी विचारलं, "कुणाची काही तक्रार?"

गप्प राहिला तर फक्त दोन फेऱ्या उरल्या होत्या. बोलला तर सगळंच गेलं. त्याने रक्त थुंकलं.

"आहे. पहिली माझ्याविरुद्ध. त्याच्या हातातले मोजे माझे. त्यांतला दोन-दोन मुठी कापूस मी काढलाय."

"चोर! कापशा!" गर्दी ओरडली.

"बाद!" पंच घाईने म्हणाले.

"बाद तर बाद. आता हे बघा." त्याने दातांनी हातातल्या मोज्याची शिवण फाडली. रिंगणात कापसाचा ढीग पडला. "नियम चार मुठींचा, हा सहा मुठी आहे. स्वतःच्या मोज्यात माणूस जास्त कापूस का भरेल? मोजे बदलतात हे ठाऊक असल्याशिवाय? आणि पूर्वी लढल्याशिवाय ते ठाऊक होईल का?"

पंचांचा लाडू तोंडाशीच राहिला.

"दोघेही बाद," ते पुटपुटले.

"दोघे नाही, तिघे!" गर्दी गरजली. "तुम्हीही उतरा खाली!" आणि त्यांना उतरावंच लागलं.

परतताना पिंजारी मान खाली घालून चालला होता. "म्हण आता कापशा. एकच फेरी टिकलो."

"दोन," कुंभार म्हणाला. "दुसरी तू मोज्यांशिवाय लढलास, गड्या."

"आणि तिसरी?"

"पुढच्या जत्रेला, मुरलेल्यांच्या सामन्यात. चार मुठी कापूस भरून."

तात्पर्य: दुसऱ्याची लबाडी उघडी पाडायची असेल, तर पहिली शिवण आपल्या मोज्याची उसवावी लागते.