दारावरचं नाव

“उस्ताद, माझं नाव कोरायला आता कशाची वाट पाहायची?”

कोनराडने म्हाताऱ्या एबरहार्टला विचारलं. पटाशी म्हाताऱ्याच्या कमरेला खोचलेली होती. ती उस्तादाने आपण होऊन शागिर्दाच्या हातात दिली, तरच दारावरच्या तुळईवर नाव कोरायचं, अशी त्या सुतारांची रीत. नाव कोरलं की शागिर्दाचा सुतार झाला.

कोनराडने अर्धी जवानी त्या पटाशीकडे बघत काढली होती.

जर्मनीहून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जंगलात येऊन वसलेल्या त्या लोकांचं हे पहिलं पक्कं घर. ओकच्या खांबांचा सांगाडा कोनराडने एकही खिळा न ठोकता उभा केला होता. छप्पर चढलं होतं, दार बसलं होतं. खांबांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या माती-गवताने भरायच्या होत्या. अंगणातल्या खड्ड्यात विधवा लिझबेट आणि इतर बायका गुडघाभर गार चिखल तुडवत होत्या.

“भिंती होऊ देत,” एबरहार्ट म्हणाला. “मग कोरू. सगळ्यांची नावं.”

कोनराडचं डोकंच फिरलं.

“सगळ्यांची? चिखल तुडवणाऱ्यांचीसुद्धा?”

एबरहार्टने मान डोलावली.

“घर सांगाड्यावर उभं राहतं, हे तुम्हीच शिकवलंत. चिखल काय, कुणीही भरेल. माझं घर पुरं झालंय!”

खड्ड्यातले पाय थांबले. लिझबेटने मान वर केली. कोनराडला तिच्याकडे बघवेना; पण बोलून बसला होता, आणि शब्द मागे घेईल तर तो कोनराड कसला!

एबरहार्टने कमरेची पटाशी काढली. आता देणार, की कायमची ठेवून देणार?

“पुरं झालंय?”

“झालंय.”

म्हाताऱ्याने पटाशी त्याच्या तळहातावर ठेवली. मग पाहुण्यासारखी टोपी काढून, दार उघडून तो आत गेला आणि मधोमध एका ओंडक्यावर बसला. चारी बाजूंनी रान दिसत होतं. उत्तरेचा बोचरा वारा खांबांमधून आरपार वाहत होता.

कोनराड उंबऱ्याबाहेर उभा. नाव कोरायला आता कुणाची आडकाठी नव्हती, तरी हात उठेना. बायका बघत होत्या.

“उस्ताद...”

एबरहार्टने कोटाची कॉलर वर ओढली.

“आत ये,” तो म्हणाला, “आणि दार लावून घे. वारा येतोय.”