शेटे सरांचा तापट कॉम्प्युटर

“आता आणखी काय करायचं मी, अप्पा?”

निजगुण अप्पा मठाच्या ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे दयासागर शेटे गडहिंग्लजला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. उष्णता हा त्यांचा हातखंडा विषय. त्यांची बायको गिरिजा चादरींवरची नक्षी काढायची आणि इचलकरंजीच्या कारखान्यांना पाठवायची. तिच्या कामासाठी सरांनी सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जुळवला होता. दुकानातून तयार आणणं त्यांना कमीपणाचं वाटे.

आणि तो कॉम्प्युटर तापायचा. त्याचं डोकं, म्हणजे आतला प्रोसेसर, असं काही भडकायचं की नक्षी रंगात यावी आणि पडदा काळा व्हावा. जीव वाचवायला यंत्र आपणहून बंद पडायचं, आणि जाताना गिरिजाचं काम घेऊन जायचं.

सरांनी कंबर कसली. प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा पंख्याचा भारीतला ठोकळा आणला. त्याला कूलर म्हणतात. तोही स्वतःच बसवला. पेटीत पुढून-मागून पंखे लावले. मग पेटीचं दारच काढून टाकलं आणि समोर टेबलफॅन ठेवला. खिडकीला वाळ्याचा पडदा आला. शेजारीच स्वयंपाकघर होतं, म्हणून कॉम्प्युटर चालू असताना फोडणी द्यायला बंदी झाली. घरातली माणसं घामाने निथळत बिनफोडणीचं वरण जेवत होती आणि कॉम्प्युटर वारा खात होता.

तरी तापायचा तो तापायचाच.

दुरुस्तीवाल्याला बोलवू या, असं गिरिजाने सुचवून पाहिलं. ज्याने आयुष्यभर उष्णता शिकवली त्याच्या घरी उष्णतेसाठी परका माणूस येणार, हे सरांना सोसण्यासारखं नव्हतं. मग परवा मोठ्या मागणीची नक्षी पुरी होत आली असताना गेली. ठरलेली तारीख चुकली तर कारखान्याचं काम कायमचं तुटणार होतं.

गिरिजा भांडली नाही. कागद-पेन्सिल घेऊन पहिल्या पाकळीपासून पुन्हा काढायला बसली.

ती भांडली असती तर सरांनी तिला निरुत्तर केलं असतं. या गप्प बसण्यावर मात्र त्यांच्याकडे सूत्र नव्हतं. म्हणून ते मठात आले होते.

आल्याआल्या त्यांनी अप्पांना उष्णतेचं वहन समजावून सांगितलं. मग अभिसरण. मग प्रारण. अप्पांनी आणखी एक शेंग फोडली.

“गिरिजाबाई काय म्हणतात?” अप्पांनी विचारलं.

“तिला यातलं काही कळत नाही, अप्पा.”

“ते नाही विचारलं मी.”

सर आठवू लागले. कूलर बसवत होते त्या दिवशी ती काहीतरी बोलली होती खरी. त्यावर आपण काय उत्तर दिलं ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं. ते उत्तर तिच्या कुठल्या बोलण्याला होतं, ते काही केल्या आठवेना.

“नाही आठवत,” ते म्हणाले.

“मग जा, विचारून ये.” अप्पांनी मूठभर दाणे त्यांच्या हातावर ठेवले.

घरी गिरिजा कागदावर वाकलेली होती. सर बराच वेळ दारात घुटमळले, खाकरले, आणि शेवटी विचारते झाले. तिने पेन्सिल थांबवली नाही.

“तुम्ही कूलर बसवत होता ना, तेव्हा म्हणाले होते. त्याच्या तळाला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दिसतोय, तो काढायचा असेल.”

सरांना हसूच आलं. तसं काही नाही हे तिला दाखवून द्यायचं, म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कूलर उचकटून उलटा केला.

पापुद्रा होता. त्यावर ठळक लाल अक्षरांत लिहिलंही होतं, की बसवण्यापूर्वी हा काढावा.

इतके दिवस प्रोसेसर खाली जळत होता, कूलर वर थंडगार बसून होता, आणि दोघांची गाठच पडत नव्हती. सरांनी पापुद्रा सोलला, उष्णता वाहून नेणारा जुना लेप पुसून नवा लावला, कूलर परत बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत यंत्राने हूं की चूं केलं नाही. नक्षी वेळेत इचलकरंजीला पोचली. घरात कढीला फोडणी बसली, चांगली चरचरीत.

पुढच्या सोमवारी सर नारळ घेऊन मठात हजर. चेहऱ्यावर तेज होतं. त्यांनी खिशातून तो पापुद्रा काढला. धुऊन, वाळवून, जपून ठेवलेला.

“अप्पा, तुमचा दृष्टांत कळला. हा पापुद्रा म्हणजे माझा अहंकार. तो मी सोलून काढला.”

मग त्यांनी त्याचा अर्थ विस्ताराने सांगितला. प्रोसेसर म्हणजे जीव कसा, कूलर म्हणजे गुरू कसा, मधला लेप म्हणजे भक्ती कशी. कॉलेजात यावर एक व्याख्यान द्यायचंही त्यांनी ठरवलं होतं. विषय नवा होता, आजवर कुणाला सुचला नसावा, असंही त्यांनी नम्रपणे सांगितलं.

अप्पांनी नारळ बाजूला ठेवला.

“गिरिजाबाई नाही आल्या?”

“येते म्हणत होती. पण हे जरा खोलातलं बोलणं. म्हटलं, तू उगाच कंटाळशील.”

अप्पांनी हात पुढे केला. सरांनी पापुद्रा त्यांच्या तळहातावर ठेवला. अप्पांनी तो उन्हाकडे धरला, एका बाजूने पाहिला, उलटवून दुसऱ्या बाजूने पाहिला. मग नीट घडी घालून सरांच्या खिशात परत ठेवला आणि वरून हलकेच थोपटलं.

“निघाला नाही रे अजून.”