आठ हातांचे साहेब

चिवड्याच्या कारखान्यात तारळेकर साहेबांनी कुणालाही न विचारता निवडलेला सेन्सर पाकिटांच्या सरकत्या पट्ट्यावर बसला. पहिल्याच दिवशी त्यानं हजार पाकिटं मोजली. खोक्यांत भरली आठशेच.

“दोनशे पाकिटं बायकांनी पळवली! झडती घ्या सगळ्यांची!” साहेब गरजले.

पॅकिंगवाली हौसाबाई पुढं आली. “घ्या की. आधी तुमची चार बोटं फाकवून सेन्सरसमोरून फिरवा.”

साहेबांनी तोऱ्यात फिरवली. आकडा चारनं वाढला.

“फट दिसली की हा नवा नग धरतो. मधे दबलेलं पाकीटही दोनदा मोजतो,” हौसाबाई म्हणाली. “त्याच्या हिशेबानं तुमच्या एका हाताचे चार झाले, दोन्हींचे आठ. आता झडती कसली, साहेब? मखरात बसा, आम्ही आरतीच करतो!”

तेव्हापासून साहेब पट्ट्याजवळ येतात ते हात खिशात घालूनच.